लोरेटाच्या गाडीचं नाक

कॅझ विल्गोशकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते चर्चच्या हॉलमध्ये, ईस्टरआधीच्या उपासातल्या एका शुक्रवारी. त्या दिवसांत शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून आमचं निम्मं गाव हॉलमध्ये तळलेले मासे आणि बटाटा भरलेल्या पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, खायला जमतं. माझ्यासमोर एक उंच, खांदे पडलेला माणूस बसला होता. त्याने मिठाची डबी उचलली, पण ताटात मीठ घातलं नाही. डबी उलटी करून तिच्या बुडाची बारीक अक्षरं वाचली. मग चटणीची बाटली उलटी केली. मग स्वतः उठला आणि बसायची खुर्चीच आडवी केली.

त्याच्या शेजारी बसलेली ठेंगणी, हसऱ्या डोळ्यांची बाई त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "कॅझ, ठेव ती खाली. खुर्चीला वय विचारू नये."

"वय नाही, कूळ बघतोय," तो गंभीरपणे म्हणाला.

ती त्याची बायको, लोरेटा. प्लास्टिकच्या प्रत्येक वस्तूच्या मागे दोन-तीन अक्षरं कोरलेली असतात आणि त्यांवरून ते कुठल्या प्रकारचं प्लास्टिक आहे ते कळतं, हे मला तिने त्या संध्याकाळी सांगितलं. "लग्नाच्या दिवशी केकवरची बाहुलीसुद्धा याने उलटी करून बघितली होती," ती म्हणाली. कॅझने मान हलवली. खरंच बघितली होती.

पुढे मी त्यांच्या समोरच्या घरात राहायला गेले. चौथीच्या वर्गाला शिकवत असल्यामुळे गावातली मोठी माणसंही मला 'बाई'च म्हणत. कॅझला आणि लोरेटाला मूल नव्हतं, पण तीही दोघं बाईच म्हणू लागली.

दोघंही शेजारच्या शहरातल्या मोटारीच्या कारखान्यात होती. तिथे एक लहानशी, दोन माणसांची गाडी बनत असे. आत लोखंडाचा सांगाडा आणि वरची सगळी कातडी प्लास्टिकची. कॅझ रंगाच्या विभागात, लोरेटा सीटं शिवायला. कारखान्यात एक पद्धत होती. आपल्यातल्याच कोणी गाडी घेतली की, ती जोडली जात असताना सोबतचे लोक तिच्या एखाद्या भागाच्या आतल्या बाजूला पिवळ्या मेणखडूने आपली नावं लिहून ठेवायचे. बाहेरून कुणाला दिसत नसे. विल्गोशांनी लाल गाडी घेतली, तेव्हा शिवणाच्या रांगेतल्या सगळ्या बायकांनी तिच्या नाकाच्या आत नावं लिहिली होती. नाक म्हणजे गाडीच्या तोंडावरचं ते मऊ, वाकणारं आवरण. मधोमध लोरेटाचं नाव होतं.

ती गाडी बनायची बंद झाली, कारखान्यातली माणसं कमी केली गेली, आणि कॅझने घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. प्लास्टिकच्या भागांवरचा जुना रंग काढायचं काम. बंपर, आरशांची आवरणं, पुढच्या जाळ्या. बहुतेक काम लोरेटाचा धाकटा भाऊ ड्वेन पाठवायचा. हमरस्त्यावर त्याचं गाड्या ठोकून-रंगवून द्यायचं दुकान होतं. ड्वेन लोखंडाचा माणूस. हातोडा, आग आणि मोठा आवाज. दर शनिवारी सकाळी तो कॉफी आणि गोड वडे घेऊन कॅझच्या गॅरेजात यायचा आणि उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून त्याला छळायचा. गॅरेजचं दार रस्त्याकडे उघडत असल्यामुळे त्यांचं बोलणं माझ्या ओसरीपर्यंत येई.

"बंपरला आंघोळ घालतोयस की बाळाला?"

"बाळ दुखलं तर रडतं. बंपर रडत नाही, म्हणून जास्त जपावं लागतं."

"माझ्याकडे ये एकदा. लोखंडावर रंग काढायच्या औषधाचा डबा ओततो, जेवून येतो. रंग संत्र्याच्या सालीसारखा खाली पडलेला असतो."

"लोखंड तुला काही बोलत नाही म्हणून."

"लोखंड स्वभावाने गरीब. तुझ्यासारखं रुसत नाही."

कॅझचं काम बघत बसायला मला आवडायचं. आधी भांड्यांच्या साबणाने भाग स्वच्छ धुवायचा. मग मागची अक्षरं वाचायची. मग दिसणार नाही अशा जागी कापसाने थेंबभर औषध लावून थांबायचं. बोट लावून बघायचं. प्लास्टिक चिकट लागलं, मऊ पडलं, की औषध लगेच धुऊन टाकायचं आणि दुसरं काही शोधायचं. बऱ्याचदा दवाखान्यात सुई टोचण्याआधी लावतात त्या स्पिरिटवरच त्याचं भागे. त्यात भिजवलेलं फडकं भागावर पसरून वर पातळ प्लास्टिकचा कागद गुंडाळायचा, म्हणजे ते उडून जात नाही. त्याने नाही सुटलं, तर प्लास्टिकसाठी मिळणारं सौम्य औषध. कोपरापर्यंत हातमोजे, हिवाळ्यातसुद्धा दार अर्धं उघडं, आणि जवळपास शेगडी पेटलेली चालायची नाही. रंग फुगला की लाकडाच्या चपट्या काठीने हळूहळू सारायचा. लोखंडी पातं त्याच्या गॅरेजात नव्हतंच. शेवटी बारीक पॉलिश पेपरने, पाणी सोडत सोडत घासायचं, म्हणजे धूळ उडत नाही. एकेका बंपरला आठवडा लागे. घाई असलेल्या लोकांना तो सांगायचा, "मग नवीनच घ्या."

लोरेटाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला ड्वेनने तिची लाल गाडी गर्द निळी रंगवून दिली. तिलाच हवी होती. पण वाकणाऱ्या प्लास्टिकला रंगही वाकणारा लागतो, आणि ड्वेनने लोखंडाचाच रंग मारला होता. काही वर्षांत नाकावर भेगा पडायला लागल्या, पोपडे उठले. "माझ्यासारखंच झालं की हिचं," लोरेटा म्हणायची. कॅझ म्हणायचा, हातातले बंपर झाले की तुझं नाक घेतो. हातातले बंपर कधी संपले नाहीत. मग लोरेटाच आजारी पडली, आणि पुढच्या वसंतात गेली.

त्यानंतर कॅझ गावात दिसेनासा झाला. उन्हाळ्यात दर गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे जुन्या गाड्यांचे मालक आईस्क्रीमच्या दुकानासमोर गाड्या लावतात, आणि शेजारी घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. तिथे अर्ध्या गाड्यांचे बंपर कॅझच्या हातून गेलेले, पण त्याची स्वतःची गाडी गॅरेजात चादरीखाली. स्वयंपाकघरातला दिवा लवकर लागायचा आणि लवकर विझायचा. टीव्ही चालू असायचा, पण आवाज नसायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "काही हलताना दिसलं की पुरे, बाई." त्याच्याकडे येणारं माणूस म्हणजे एकटा ड्वेन, शनिवारी, कॉफी घेऊन. थट्टा चालू राहिली, फक्त थोडी हळू.

दोन वर्षांनी कॅझच्या कमरेचा सांधा बदलायचा ठरला, आणि तो शहरातल्या दवाखान्यात गेला. त्या दिवसांत ड्वेन रोज गॅरेजात असे. मला वाटलं, साफसफाई करतोय. कॅझ काठी टेकत घरी आला, तेव्हा ड्वेनने गॅरेजचं दार वर केलं. आत लोरेटाची गाडी, चादर काढलेली, नाकावर एक भेग नाही, निळी, आरशासारखी. कॅझ बघत राहिला आणि हसला. लोरेटा गेल्यापासून त्याला हसताना मी पाहिलं नव्हतं.

"तू केलंस?"

"मग काय गाडीने स्वतः केलं?" ड्वेन म्हणाला. "बस आता. कमरेवर भार नको."

त्या उन्हाळ्यात कॅझ दर गुरुवारी गाडी घेऊन गेला. फार कुणाशी बोलत नसे. खुर्ची टाकून बसायचा, आणि अधूनमधून उठून नाकावरून तळहात फिरवायचा. लोक म्हणत, कॅझ सुधारला.

उन्हाळा संपत आला होता. मी परसातले टोमॅटो द्यायला गेले, तर गाडीचं नाक उतरवून घोंगडीवर पालथं घातलेलं होतं आणि कॅझ त्याच्याकडे बघत उभा होता. पुढच्या दिव्याची तार बघायला त्याने ते काढलं होतं.

"बाई, इकडे या. हे बघा."

मी वाकून बघितलं. "मला काही दिसत नाही, कॅझ."

"तेच."

आतली बाजू कोरी होती. फक्त एका कोपऱ्यात खडूने मोठा आकडा लिहिलेला. भंगारवाले लिहितात तसा.

शनिवारी ड्वेन आला. मी ओसरीवर होते. आत जावं असं वाटलं, पण उठले नाही.

"जुनं नाक कुठे आहे?" कॅझ म्हणाला.

"कुठलं जुनं?"

"ड्वेन."

ड्वेन दारातच कॉफीचा पेला हातात फिरवत राहिला. मग ड्वेनचा आवाज आला, नेहमीच्या निम्मा. "तुला आल्या आल्या तयार गाडी दाखवायची होती. तू तर हात लावत नव्हतास तिला. म्हटलं, आपण काढू रंग. औषध लावलं आणि जेवायला गेलो. परत आलो तर… दुधावरची साय गोळा होते ना, तसं झालं होतं. हात लावला तर बोट आत."

"कुठलं औषध?"

"दुकानातलं."

"लोखंडाचं."

"लोखंडाचं."

"मागची अक्षरं वाचली होतीस?"

"मी कधी वाचलीत अक्षरं?"

"आत नावं होती."

"मला माहीत आहे. माझ्या बहिणीचं होतं त्यात."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होतो. तू दारात उभा राहून हसलास. मग कुठल्या तोंडाने सांगू?"

"सगळा उन्हाळा," कॅझ म्हणाला, "मी कुणाच्या तरी भंगारातल्या गाडीच्या नाकावरून हात फिरवत बसलो. आणि तू बघत होतास."

ड्वेन काहीतरी बोलायला गेला. कॅझने हाताने दार खाली ओढलं. तो आत, ड्वेन बाहेर. ड्वेन थोडा वेळ दारासमोर उभा राहिला, आपल्या हातातली कॉफी त्याने गवतात ओतली आणि ट्रकमध्ये बसून निघून गेला.

पुढचे शनिवार शांत गेले. ड्वेनचे जे बंपर हातात होते ते कॅझने नीट पूर्ण केले, कागदात गुंडाळले आणि त्याच्या दुकानाच्या मागच्या दाराशी पहाटे ठेवून आला. नवीन घेतले नाहीत. निळी गाडी नाकाविना, दिव्यांच्या तारा लोंबत, गॅरेजात उभी राहिली. मी जेवायला बोलावलं की यायचा, पानात पडेल ते खायचा, भांडी धुवायचा आणि जायचा. एकदा माझ्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण तडकलंय हे सांगायला आला, आणि सांगून झाल्यावरही पायरीवरच उभा राहिला. मी म्हटलं, "बस जरा." तो म्हणाला, "नको, काम आहे." त्याच्याकडे त्या आठवड्यात काहीच काम नव्हतं, हे मला माहीत होतं.

पानगळ झाली. एके दिवशी ड्वेन माझ्या दारात आला, टोपी हातात.

"बाई, मी दुकान विकलं. नाताळाच्या आधी टेनेसीला जातोय, पोरीकडे. तुम्ही त्याला सांगाल?"

"तू सांग."

"तो दार उघडत नाही. फोन उचलत नाही. मागच्या रविवारी चर्चमध्ये मी त्याच्या बाकावर जाऊन बसलो, तर हा उठून गायकांच्या मागे जाऊन उभा राहिला. त्याला गाता तरी येतं का?"

"जुनं नाक तू टाकलंस का?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच विचारल्याचं वाईट वाटलं. "टाकीन कसं? तिचं अक्षर आहे त्यावर."

"मग त्याला हे सांगितलं नाहीस?"

"त्याने विचारलं होतं, कुठे आहे म्हणून. मी कसं बिघडलं तेच सांगत बसलो. आणि मग दार खाली आलं."

चाळीस वर्षं मुलांची भांडणं सोडवली, पण माणसं मोठी झाली तरी भांडणातला मुद्दाच सांगायचा विसरतात, हे मला तेव्हा पुन्हा पटलं. मी म्हटलं, "ते घेऊन जा. दार वाजवू नकोस. हाका मारू नकोस. नुसता त्याच्या खिडकीसमोर उभा राहा."

दुसऱ्या दिवशी पहिला बर्फ पडत होता. ड्वेन घोंगडीत गुंडाळलेलं ते लांबलचक ओझं दोन्ही हातांवर घेऊन गॅरेजसमोर उभा राहिला. स्वयंपाकघराचा पडदा हलला, पुन्हा पडला. ड्वेनच्या टोपीवर बर्फ साठायला लागला. त्याने ओझं खाली ठेवलं नाही. मी मनात म्हणत होते, कॅझ, उघड. शेवटी गॅरेजचं दार वर गेलं.

मी सूप घेऊन गेले, तेव्हा नाक ओट्यावर पालथं होतं. कॅझ चष्मा लावून एकेक नाव वाचत होता. औषध कडेवरून आत ओघळलं होतं, तिथली दोन-तीन नावं गेली होती. मधलं नाव जागेवर होतं.

"व्हर्डा गेली," तो म्हणाला.

"कोण व्हर्डा?" ड्वेनने विचारलं.

"लोरेटाच्या उजवीकडे बसायची. खूप बोलायची."

मग त्याने नाक सुलटं केलं. पुढची बाजू बघवत नव्हती. प्लास्टिक फुगून, सुरकुतून पुन्हा घट्ट झालेलं, आणि त्यात निळा रंग, खालचा लाल रंग, सगळं गोळ्यागोळ्यांनी अडकलेलं.

"हे गाडीला आता बसायचं नाही," ड्वेन म्हणाला.

"नाही."

"मग?"

"मग काय, घाण तशीच ठेवायची का अंगावर?" कॅझने खणातून हातमोजे काढून त्याच्याकडे टाकले. "घाल. आणि दार अजून थोडं वर कर."

ड्वेन जायच्या दिवसापर्यंत रोज येत राहिला. ट्रक भरायचा होता, घर आवरायचं होतं, पण दुपारी तो गॅरेजात असे. बोलणं फक्त कामाचं. थेंब लाव. थांब. आता बघ. पूस. एकदा मी तिथे असताना कॅझ म्हणाला, "काठी आडवी धर. टोक खुपसू नकोस, लोखंड नाही ते."

"माहीत आहे."

"माहीत असतं तर…" कॅझ थांबला.

ड्वेनने मान वर केली नाही. "बोल. पुढचं बोल. किती दिवस अडलंय."

कॅझने ओट्यावरचं फडकं उचललं, पिळलं, पुन्हा ठेवलं. "माहीत असतं तर एव्हाना संपलं असतं काम. आणि तू घरी बसला असतास."

ड्वेन हसला. स्वतःचं नाक पुसायला त्याने हातमोजा वर नेला, तेव्हा कॅझने त्याचं मनगट धरलं. "डोळे जातील, गाढवा. आधी हात धू."

नाकाची डावी बाजू स्वच्छ झाली. सुरकुत्या राहिल्या, पण रंगाचा कण नाही. उजव्या बाजूला हात लागायच्या आत ड्वेनचा दिवस आला. ट्रक भरून तो निरोप घ्यायला थांबला. मी पायरीवर, ते दोघे गॅरेजच्या दारात. मिठी वगैरे त्यांच्यात नव्हती.

"उरलेलं मी करून टाकू?" कॅझने विचारलं.

"नको. उन्हाळ्यात येऊन मी करतो."

"ये मग."

"येतो."

कॅझने वसंतात भंगारातलं नाक पुन्हा गाडीला लावलं. जुनं नाक घोंगडीवर तसंच राहिलं, अर्धं. त्या उन्हाळ्यात ड्वेनच्या पाठीचं ऑपरेशन झालं. पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हटलं. तो रविवारी फोन करतो. सुरुवातीला बराच वेळ बोलायचे, आता तिकडची हवा, इकडची हवा, आणि "बरं मग" एवढंच. कॅझ मला एकदा म्हणाला, "फोनवर तो थट्टा करत नाही, बाई. पोरीने शेजारी बसून काय बोलायचं ते सांगितल्यासारखा बोलतो." आता तो येईल असं दोघांपैकी कुणीच म्हणत नाही. कॅझने उजव्या बाजूला हात लावलेला नाही. मी कधी विषय काढला तर म्हणतो, "ते माझं काम नाही."

ड्वेनचं दुकान ज्यांनी घेतलं ते बंपर दुरुस्त करत नाहीत, नवीनच बसवतात. त्यामुळे कॅझकडे आता गावातलं काम येत नाही. जुन्या गाड्यांचे हौशी लोक दूरच्या राज्यांतून त्याला भाग पाठवतात, पुठ्ठ्याच्या लांब खोक्यांतून. पोचवणारा पायरीवर खोकं ठेवतो, घंटी वाजवतो आणि निघतो. कॅझ कमरेवर हात ठेवून दारापर्यंत पोचतो, तोवर पोचवणाऱ्याची गाडी कोपऱ्यावरून वळलेली असते.